साफ निघालेला फोटो

सिल्वासा, रविवार

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

"छातीचा फोटो साफ आहे," असं नर्स म्हणाली आणि त्याच क्षणी माझं सगळं बिघडलं. मी तर आनंदाने वेडा झालो होतो.

हर्षदाला रक्ताचा कॅन्सर आहे, हे तुला ठाऊक आहे. तिच्यापायी कॉलेज सोडून मी मसाटच्या कारखान्यात लागलो, म्हणून बाबा अजून शिव्या घालतात. त्या दिवशी तिला ताप होता. डॉक्टर म्हणाले, "पांढऱ्या पेशी उतरल्यात. सुरुवातीचा संसर्ग साध्या फोटोत दिसेलच असं नाही. आजच छातीचा सीटी स्कॅन करा." ती सुयांना कंटाळली होती. मी डॉक्टरांवरच ओरडलो आणि तिला म्हटलं, "नाही सांग गं, फोटो साफ आहे ना!" तिने स्कॅनला नकार दिला.

पाच दिवसांनी स्कॅन झाला. फुप्फुसात बुरशी पसरली होती. आता केमोही थांबवलीय.

तिचे वडील तिलाच बोलतात, "तुझा हट्ट नडला, पोरी." ती माझं नाव घेत नाही, आणि मी शेजारी उभा राहून ऐकून घेतो. असला तुझा शूर लेक!

मी वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? बाबांना हे वाचून दाखवू नको. नाहीतर दाखव, आता काय उरलंय?

आज तिच्या वडिलांना खरं सांगणार आहे. मग ते मला तिच्या खाटेजवळ फिरकू देणार नाहीत, तेही ठाऊक आहे. पाकीट चिकटवलं, की खोलीचं दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझा,
ललित