सातवी डिश

३ एप्रिल
आले बाई एकदाची कासामाला! कुंभार कुरामोची आजोबांच्या वरच्या खोलीत बस्तान बसवलं. उद्यापासून प्रयोगशाळा. मोडलेल्या हाडात भरायचे भाजलेल्या मातीसारखे दाणे डिशमध्ये ठेवायचे, शेजारी स्नायूंच्या पेशी वाढवायच्या, त्यांना ते बाधतात का बघायचं. आजोबा म्हणाले, "मी वाडगे भाजतो, तू हाडं भाजतेस. म्हणजे कुंभारीणच की गं!" किनूआजींनी बांबूच्या कोंबांचा भात केला होता. त्यांनी जेवायच्या काड्यांनी पुढे केलेला कोंब मी वेंधळीने माझ्या काड्यांनीच धरला, तर हातावर चापट बसली. "काड्यांतून काड्यांत? चितेवरची हाडं वेचायची रीत ती, चिगुसा! आम्ही मेल्यावर कर!" आम्ही तिघंही पोट धरधरून हसलो.

२१ मे
सहा डिश छान. सातवीत मात्र दाण्यांभोवतालचे स्नायू पांढरे, कडक. सुई लावली तर टक् वाजलं. स्नायू कसले, हाडच. सुई निसटून अंगठ्यात घुसली, थोडं रक्त आलं. आमचे प्रमुख शिओझाकीसाहेब म्हणाले, एखादी नासतेच, फेकून दे. फेकली. वहीत लिहिलं, डिश सहा, सहाही निर्दोष. नोकरी नवी, तोंडातून ब्र काढला नाही.

९ जुलै
आजोबा भट्टीजवळ घसरले, नडगी मोडली. दवाखान्यात आमचेच दाणे भरणार आहेत, चाचणी म्हणून. आजोबांनी मला विचारलं, "पोरी, भरवशाचे आहेत ना?" मी हो म्हणाले. लगेच सही केली त्यांनी. "घरच्या पोरीच्या हातचं हाड आहे," असं डॉक्टरांनाही ऐकवलं. 

३० ऑगस्ट
नडगी जुळली. पण पोटरी दगड झालीय, आता मांडीही. आजी बोटं दुखेपर्यंत चोळत बसतात. आजोबा हसतात, "जास्तच भाजला गेलो वाटतं!" सांगायला हवं. उद्या सांगते.

१८ सप्टेंबर
सांगितलं नाही. आजोबा गेले. श्वास घ्यायला छातीच हलेना.

२० सप्टेंबर
हाडं वेचायला आजींनी मला जोडीला घेतलं, लेकीसारखी म्हणून. एकेक हाड दोघींच्या काड्यांत धरून कलशात टाकलं. कलश भरला. हाडांचं तबक अजून अर्धं भरलेलं — पातळ, लांब पट्ट्या, पोटरीच्या आकाराच्या, बरगड्यांच्या मधल्या — स्मशानातल्या माणसाने टोपी काढून हळूच विचारलं, "माफ करा, माणूस एकच होता ना?" आजी माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं.

२९ सप्टेंबर
अंगठा वाकत नाही. मे महिन्यात सुई घुसली होती तोच. मनगटही — सोमवारी आणखी अकरा जणांना दाणे भरणार म्हणे.

२ ऑक्टोबर
आजींना सांगायला खाली गेले. जबडा उघडेना. उघडायचा तेव्हा मिटून बसले, आता — "काय झालं गं, बोल ना," त्या म्हणत राहिल्या.

३ ऑक्टोबर
आजी — अकरा जण — थांबवा. डिश सात होत्या. सातवीत हाड झालं — आजोबांनी विचारलं तेव्हा मला माहीत हो