बोट चुकवू नका

बाबा,

आईला पहाटे पुन्हा धाप लागली. तुम्ही झोपेची गोळी घेतली होती, म्हणून न उठवता तिला दवाखान्यात नेतेय. तुम्ही मात्र बोट चुकवू नका. मोठी बॅग केबिनमध्ये उशिरा पोचते, तेव्हा औषधं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. दादाला पुरलंय त्या बंदरात बोटवाल्यांच्या सहलीच्या बसने जाऊ नका, ती नुसता बाजार दाखवून परत आणते. धक्क्यावरून थेट त्याच्या कबरीपर्यंत टॅक्सी करा. बंदरातली वेळ वेगळी असली तरी घड्याळ बोटीच्याच वेळेवर ठेवा, ती कुणासाठी थांबत नाही.

आईला विचारलं, "बाबांना थांबवू का?" म्हणाली, "माझ्यापाशी तू आहेस. त्याच्यापाशी अजून कुणीच गेलं नाही."

निघण्याआधी दवाखान्यात फोन करू नका. केलात, तर तुमचा पाय निघणार नाही.

— धाकटी