साळूबाईंचा अंगठा

दौंड, १८ एप्रिल १९७४

तीर्थरूप आबांना ज्ञानदेवाचा जयभीम.

माझी तब्येत बरी आहे, जेवणाची आबाळ नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी चालू होती, म्हणून जयंतीला पाबळला येता आलं नाही. आईचा गुडघा कसा आहे? विहिरीवर तिला जाऊ देऊ नका, अंजनाला पाठवा.

इथं माझ्या ताब्यातल्या चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, अगदी शेवटाला साळूबाई म्हणून आपल्यातल्याच एका विधवा बाईंचं एकरभर रान आहे. त्यात भुईमूग होता. त्यांच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी वरच्या बागायतदारानं चारीचं आपल्या बाजूचं दार उघडून पाणी आपल्या उसाला वळवलं. मी जाऊन दार लावलं, कुलूप घातलं. तासाभरात आमच्या पाटबंधारे खात्याचे साहेब जीपमधून आले आणि माझ्याच हातानं ते उघडायला लावलं. आठ दिवसांत भुईमूग करपला.

मग साहेब म्हणाले, "पाणी मिळालं म्हणून त्या बाईचा अंगठा घेऊन ये. तुला अजून कायम व्हायचंय."

मी कागद घेऊन गेलो. साळूबाईंनी आधी गूळ-पाणी दिलं. मग विचारलं, "काय लिवलंय रं बाबा ह्यात?"

मी शाईची डबी काढून पुढं ठेवली.

"आसूं दे. तू आपला शिकल्याला पोरगा. वंगाळ कशाला लिवशील?" म्हणाल्या आणि अंगठा उठवला.

वाटेत दोनदा कागद फाडावासा वाटला. फाडला नाही, आबा.

काल मला कायम केल्याचा हुकूम आला. आईला सांगा. पेढे मात्र वाटू नका.

तुमचा,
ज्ञानदेव