उरेल ते द्या

ती. आईस,
तापलेल्या लेकीचा नमस्कार.

तब्येत बरी आहे, डोकं सोडून. आज वर्गातल्या नवशिक्या बायकांना हॉटेलात इंग्रजीतून जेवण मागवायला शिकवत होते. खांद्यावर फडकं टाकून मीच वेटर झाले. मेनूकार्ड पुढे धरून विचारलं, "काय घेणार?" जी ती शेजारणीकडे बघून म्हणते, "हिला जे, तेच." सगळ्यांत थोरल्या मावशी म्हणाल्या, "उरेल ते द्या."

कार्ड आपटलंच मी! "अहो, जेवण खोटं खोटं, त्यातही उरलेलंच?"

सगळ्या हसल्या. माझं टाळकं मात्र सरकलं, कारण तो सूर तुझा होता. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तू उभ्याउभ्या पातेलं खरवडतेस.

बाबांची, दादाची आवड तुला पाठ. तुला काय आवडतं गं? पदार्थाचं नाव कळव. "काहीही चालतं" लिहिलंस, तर याद राख!

तुझी,
चिडकी