दुचाकीला टोल नसतो

४ एप्रिल
आज सकाळी ११.४० ला आयुष्य बदललं. ११.३९ पर्यंत मी बुधवार पेठेत हुसेनभाईंच्या टूर्सच्या ऑफिसात व्हिसाचे फोटो कापणारा इसम होतो. ११.४० ला नीरजा आत आली. हिंजवडीत नोकरी, हातात हेल्मेट. म्हणाली, इटलीत बाइक भाड्याने घेऊन ऑस्ट्रियापर्यंत जायचंय, तिकडे हायवेचे टोल कसे भरतात ते कोणी सांगेल का? शेजारच्या टेबलावर नजमा तिकिटं काढत होती. मी उठलो. मी सांगेन, म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं, मग सगळं तुमच्यावर सोपवते.
सगळं. माझ्यावर. पहिल्याच भेटीत.

४ एप्रिल, दुपार
संकल्प. एक, परदेशी टोल या विषयात पुण्यात आपल्यापुढे कोणी नको. दोन, चिडायचं नाही. तीन, दाढी.
अडीच वाजता एका काकांनी विचारलं, स्वित्झर्लंडात साबुदाणा मिळतो का? चिडलो. दुसरा संकल्प उद्यापासून.

९ एप्रिल
तिकडचे टोल वाचले. किळस आली. इटलीत बाइकला टोल! तोही कारइतकाच! आत शिरताना मशीनमधून तिकीट घ्या, बाहेर पडताना ते देऊन पैसे भरा. ऑस्ट्रियात त्याहून घाण: आधी स्टिकर विकत घ्या, मगच हायवेला लागा. अरे, रस्ता आवडतोय की नाही ते तरी बघू द्या!
आपल्याकडे खेड-शिवापूरला नाक्याच्या अगदी कडेने बाइकवाला सटकतो. ना तिकीट, ना पावती, ना कोणी विचारत. याला संस्कृती म्हणतात.
चार पानं वाचून बंद केलं. असलं फार वाचू नये, डोकं फिरतं. बाकीचं अनुभवावर. (अनुभव: खेड-शिवापूर, किमान चाळीस वेळा.)

१७ एप्रिल
नीरजा पुन्हा आली. बरोबर यज्ञेश्वर नावाचा एक उंच प्राणी. बाइक हा चालवणार म्हणे. मावसभाऊ असणार. तिच्या बाटलीतलं पाणी तोंड लावून प्यायला. शी. घरचा झाला म्हणून काय झालं?
त्याने विचारलं, नाक्यावर नेमकं कुठल्या रांगेत थांबायचं? म्हटलं, थांबायचा प्रश्नच येत नाही, सगळं लिहून देतो. नीरजा हसली. तोही हसला, पण त्याचं हसणं कंपनीच्या बसमधलं, ओळखीपुरतं.
ते गेल्यावर नजमा म्हणाली, दीनानाथ, तू कॉलेजात थर्ड इयरच्या पुढे गेला नाहीस आणि रस्त्याने साताऱ्याच्या. काय लिहिशील ते आधी मला दाखव.
कॉलेज मी सोडलं. त्यातून कसं सावरायचं ते कॉलेजने बघावं. दाखवणार नाही.

२६ एप्रिल
पत्रक तयार. उतारा इथे ठेवतो, पुढेमागे छापायला उपयोगी पडेल.
‘दुचाकीला टोल नसतो. कागदावर असला तरी तत्त्वतः नसतो. नाक्याच्या कडेला फट असतेच. इकडेतिकडे न बघता निघावे. ऑस्ट्रियाचे स्टिकर नाइलाजाने घ्यावे, पण चिकटवू नये. गाडी भाड्याची, गोंदाचा डाग राहतो. पीयूसीसारखे पाकिटात ठेवावे, मागितल्यास दाखवावे.’
खाली ‘आपला’ लिहिलं. मग ‘तुझा’. मग पुन्हा ‘आपला’. तीन कागद गेले. हुसेनभाई म्हणाले, राजे, कागद झाडापासून होतो.

८ मे
नीरजा पत्रक न्यायला आली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी. मैत्रिणीचं लग्न असेल. विचारलं नाही. खासगी चौकशा करणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पत्रक बघून म्हणाली, इतकं कोण करतं हो! मी करतो, असं म्हणणार होतो. तेवढ्यात प्रिंटर अडकला आणि मी त्याला लाथ घातली. तिने पाहिलं. धडाडी दिसली असावी.
निर्णय: ती परत आली की स्पष्ट सांगायचं.

२१ मे, दुपारी ३
इटलीतून फोन! तिचाच! नजमाने मुद्दाम स्पीकरवर टाकला.
कडेने निघाले. निघता आलं. म्हणजे माझं बरोबर. पण बाहेरच्या नाक्यावर तिकीट मागितलं. तिकीट नाही, म्हणजे कुठून शिरलात त्याचा पुरावा नाही, म्हणून सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचा टोल लावला. गेले चाळीस किलोमीटर, भरले अर्ध्या देशाचे. मागे हॉर्नवर हॉर्न. नीरजा रडकुंडीला येऊन म्हणाली, अहो, तुम्ही लिहिलंय अगदी तस्संच केलं!
हा विश्वास.
म्हटलं, भांडा त्यांच्याशी. म्हणाली, कोणाशी भांडू, मशीन आहे! भांडायलाही माणूस ठेवत नाहीत. थू असल्या प्रगतीवर.
हुसेनभाई चष्मा पुसत म्हणाले, मशीनला खेड-शिवापूर माहीत नसेल. आणखी एक तक्रार आली तर आपण घरी आराम करावा.

२४ मे
ऑस्ट्रियात पोलिसांनी अडवलं. यज्ञेश्वरने ऐटीत पाकिटातून स्टिकर काढून दाखवलं. पोलीस म्हणाला, गाडीवर चिकटवलेलं नाही, म्हणजे नाहीच. स्टिकरच्या कितीतरी पट दंड. या वेळी फोन त्याचा. मराठी थोडं, इंग्रजी फार, दोन्हीतलं ऐकवत नव्हतं.
दंड ऑफिस भरणार. हुसेनभाई मला एकच शब्द बोलले: महिनाअखेर.
नजमाने पत्रक वाचलं. म्हणाली, बिचाऱ्यांच्या हनिमूनचं वाटोळं केलंस. काहीतरीच! मावसभावाबरोबर? ती म्हणाली, फाइल उघडून बघ ना. बघितली नाही. ग्राहकांच्या फाइली चाळणं मला पटत नाही.

३१ मे
निळा शर्ट, कडक इस्त्री. सकाळपासून घोकत होतो: चिडून आली तर उत्तमच, माणूस हक्काच्या माणसावरच चिडतो.
साडेबाराला आली. गळ्यात मंगळसूत्र. छोटं, नाजूक, ऑफिसला घालतात तसलं. बराच वेळ त्याचा दुसरा काही अर्थ लागतो का बघत होतो. लागला नाही.
चिडलेली मुळीच नव्हती. हुसेनभाईंना वाकून नमस्कार. नजमाला म्हणाली, अगं, त्या नाक्यावर लग्नानंतरचं पहिलं भांडण झालं आमचं, आणि ती लांबलचक पावती बघून दोघं इतके हसलो की मागचा इटालियनही हॉर्न सोडून हसायला लागला. फ्रेम करून लावणार आहोत.
मग पेढ्यांचा बॉक्स माझ्यासमोर धरला. म्हणाली, घ्या ना दादा, तुमच्यामुळेच.
दादा.
पेढा घेतला. खाल्लाही. किळस आली, पेढ्याची नाही.
हुसेनभाईंना म्हटलं, महिनाअखेर आजच आहे, निघतो. ते म्हणाले, चहा सांगितलाय, तेवढा घेऊन जा. थांबलो नाही. बाहेर आलो आणि दार खच्चून ओढलं, आपटायलाच. पण काचेचं दार, वर तो आपोआप लावणारा दांडा. ते आपटत नाही. सावकाश येतं. येतच राहतं. आतून तिघं बघत होती, नीरजाच्या हातात बॉक्स तसाच.
शेवटची चार बोटं फट राहिली. ती हाताने लावली.