बापाला नवा सूट, लेकीला जुने टायर

क्रिवा स्तेना,
१२ ऑक्टोबर २००६

चि. पाउन यास आईचे आशीर्वाद, वि. वि.

इकडे सगळी खुशाल आहेत, तुझा बाप सोडून. मी सांगते आहे आणि तुझी लेक क्रुना लिहिते आहे. मी अक्षरशत्रू असले तरी किती बोलले ते मला कळतं. तेवढ्या ओळी कागदावर दिसल्या नाहीत तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगत बसते, हे पोरीला ठाऊक आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर अडचणीचं काही निघालं की तुला लगेच आवाज तुटतोय असं वाटायला लागतं.

व्हिएन्नाच्या बसनं तुझे चार टायर पोचले, सोबत कॉफी. कॉफी नवी होती. टायर कुणा डॉक्टरच्या गाडीचे उतरवलेले आहेत, असं सूनबाईनं चिठ्ठीत लिहिलंय. डॉक्टरनं टाकून दिलेली गोळी तू खाशील का रे? क्रुना दिवसाआड तुझ्या बापाच्या लाल झास्तावा गाडीतून वरच्या वाड्यांवर म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायला जाते. त्या रस्त्याला कठडा नाही, हे तुला मी सांगायला नको. बाजारातला टायरवाला मिलुतिन म्हणतो, नावाजलेला वापरलेला टायर बिननावाच्या नव्यापेक्षा बरा, असं अर्ध्या गावाचं मत आहे. उरलेल्या अर्ध्या गावावर त्याचं दुकान चालतं. मी नखानं दाबून पाहिलं. चीज मुरलंय की नुसतंच वाळलंय हे मी नखानं सांगते. हे वाळलंय.

आता तुझ्या बापाच्या वर्षाच्या पोमानाचं, त्या जेवणाचं आणि दानाचं. त्याच्या नावानं काय काय आणू, असं विचारतोस. मेलेल्याच्या नावानं द्यायची वस्तू कोरी लागते, वापरलेली त्याला पोचत नाही, हे तुला बरं पाठ आहे. मग जित्या पोरीला वापरलेली कशी पोचते? तुझ्या तीन मजली रिकाम्या घराच्या फाटकावरचे सिमेंटचे सिंहसुद्धा नवे आहेत, आणि ते तर कुठं जायचे-यायचेही नाहीत.

साधे चालतील, सगळ्यात स्वस्त चालतील, पण नवे घेऊन दे. क्रुनाला यातलं काहीही लिहायचं नव्हतं. ओळी मोजल्या, पुऱ्या भरल्या.

माया आहेच, ती तुला मागावी लागत नाही.

तुझी आई फ्लोरिका
(अंगठा)


व्हिएन्ना,
२० ऑक्टोबर २००६

ती. आईस पाउनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या सूनबाईला, रुझाला, दाखवलं नाही, उगाच घरात विषय नको. आई, तीस वर्षं मी या शहराच्या भिंती लिंपतो आहे, मला जुन्या-नव्यातलं थोडंफार कळतं. ते टायर नामांकित कंपनीचे, खास बर्फाचे आहेत. नक्षी नव्याइतकी खोल आहे. डॉक्टर म्हातारा, गाडी फक्त रविवारी बाहेर काढायचा. तू म्हणतेस ते स्वस्त नवे टायर कुठल्या कोपऱ्यातून येतात देव जाणे. कामावरचा एक जण सांगत होता की ओल्या रस्त्यावर ते साबणासारखे घसरतात. मी माझ्या लेकीचं वाईट चिंतीन का? आणि तुला टायरमधलं काय कळतं? तू जन्मात सायकलवरसुद्धा बसली नाहीस.

पोमानासाठी काळा सूट, चामडी बूट, हॅट, मनगटी घड्याळ आणि रेडिओ घेऊन ठेवलंय. शेजारच्या यान्कूनं त्याच्या आईच्या नावानं केवढा टीव्ही दिला होता ते गाव अजून बोलतं. आपण कमी दिसायला नको. गोर्गेकाका बाबांच्याच मापाचे आणि वयाचे, बाबांच्या वतीनं ते घेतील. पुरुषाचं पुरुषानंच घ्यायचं, रीत तुला माहीत आहे.

तब्येतीला जप, आणि बोलणी खायला तुझा एकच मुलगा आहे हे ध्यानात असू दे.

पाउन


क्रिवा स्तेना,
६ नोव्हेंबर २००६

चि. पाउन यास आशीर्वाद.

अक्षर निराळं दिसलं म्हणून उठून उभा राहू नकोस. हे पोस्टमन लिहितो आहे. आधी एवढं वाच: क्रुना बरी आहे, उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. वाचलंस? आता पुढचं.

शुक्रवारी सकाळी दव गोठलं होतं. वरच्या वळणावर क्रुनानं ब्रेक दाबला, तेव्हा चाकं थांबली पण गाडी थांबली नाही. एका अक्रोडाच्या बुंध्यानं अडवली. त्याच्यापलीकडं काय आहे ते तू लहानपणी बकऱ्या घेऊन पाहिलं आहेस. काल मी लोकांच्या हाताला धरून वर गेले आणि त्या झाडाच्या मुळाशी पेलाभर ब्रँडी ओतली.

मिलुतिननं टायर उतरवले. टायरच्या कडेला त्याचं जन्मसाल कोरलेलं असतं म्हणे. त्यानं वाचून सांगितलं, अकरा वर्षांचे आहेत. नक्षी खोल, पण रबर घोड्याच्या खुरासारखं. तो म्हणाला, हेच टायर तीन-चार वर्षांचे असते तर पाउनचंच खरं ठरलं असतं. तुझ्या बाजूचं एवढंच, तेही लिहवून घेतलं. आणि हेही: दवाखान्यात तुझ्या लेकीनं सांगितलं की तीच जोरात चालवत होती. तुझ्यावर बोल येऊ नये म्हणून. पोस्टमनला हे वाक्य मी दोनदा वाचायला लावलं.

आता ठरलंय ते ऐक. सूट, बूट, हॅट काही आणू नकोस. तुझ्या बापाला पोमानात चार टायर द्यायचे, मिलुतिनकडचे, नवे, स्वस्तातले. ते जेवणाच्या मेजावर, सगळ्यांच्या समोर, प्रत्येकावर टॉवेल, पाव आणि मेणबत्ती. आणि घेणार क्रुना. गोर्गे तणतणत आला. बाईमाणसानं घेतलेलं वर पोचायचं नाही, आणि मेलेल्याला टायर देतात का कुणी, असं म्हणाला. मी म्हटलं, यान्कूच्या आईला टीव्ही दिला तेव्हा वर वीज आहे का, हे विचारायला कोण गेलं होतं? तुझ्या बापानं पस्तीस वर्षं गाडी चालवली. सूट त्यानं एकदाच घातला, लग्नात. दुसऱ्यांदा आम्ही घातला.

आशीर्वाद आहेत, पण आज जरा कडक आहेत.

फ्लोरिका
(अंगठा)


व्हिएन्ना,
१३ नोव्हेंबर २००६

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र रुझानं आधी उघडलं. मी नक्षी पाहिली, साल पाहिलं नाही. टायरवर साल असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आई, तू जिंकलीस. मी मिलुतिनला फोन करतो, नवे टायर, तेही चांगल्यातले, गुपचूप बसवून टाकेल. पण मेजावर नकोत. तिथं सूटच राहू दे. सगळं गाव हसेल, आणि मला वर्षातून दोनदा त्याच गावात यायचं असतं. एवढं एक माझं ऐक.

क्रुनाला विचार, फार दुखतं का.

पाउन


क्रिवा स्तेना,
२९ डिसेंबर २००६

चि. पाउन यास आईचे आशीर्वाद, वि. वि.

पुन्हा पोस्टमनच लिहितो आहे, कारण क्रुना बर्फातून वर गेली आहे. प्लास्टर गेल्या आठवड्यात उतरलं.

पोमानाला तू समोर होतास तरी हे लिहिते, कारण सबंध वेळ तू ताटात बघत होतास. गावासाठी सूट उघड्यावर आणि लेकीसाठी टायर गुपचूप, ते मला मान्य नव्हतं म्हणून मी तुझं ऐकलं नाही. अजूनही मान्य नाही. तेव्हा तुला जे दिसलं नाही ते आता ऐक.

यान्कू हसला, हे तुला ऐकू आलं असेल. गोर्गेनं खुर्ची सारली आणि न जेवता गेला, तेही ऐकू आलं असेल. मग मी क्रुनाला विचारलं, आजोबांच्या नावानं घेतेस का. ती घेते म्हणाली आणि तिनं टायर उचलायला डावा हात घातला. एका हातानं तो उचलेना. घेणाऱ्यानं मेजावरून उचलल्याशिवाय दिलेलं पोचत नाही, सगळे तिच्याकडे बघत राहिले. तेव्हा तू उठलास. मान खालीच, पण उठलास, आणि तिच्या हाताशेजारी हात घातलास. चारही वेळा. त्यानंतर कुणी हसलं नाही. आणि बाळा, क्रुना टायरकडे बघत नव्हती, चारही वेळा तुझ्या तोंडाकडे बघत होती. तू वर पाहिलं असतंस तर हे पत्र लिहवायची माझी पाळी आली नसती.

टायर बरे आहेत. जरा गुरगुरतात. मिलुतिन म्हणतो तीन हिवाळे काढतील. मग पुन्हा नवे घेऊ. तुझे डॉक्टरी टायर सोमवारच्या बसनं परत पाठवले आहेत, हमालाला काय द्यायचं ते तू दे.

क्रुना आज कुणाकडे गेली आहे, ओळख बघू. गोर्गेकडे. त्याच्या छातीत कफ झालाय, दहा दिवस इंजेक्शनं आहेत. परवा त्यानं तिला दारातच अडवून विचारलं म्हणे, ही गाडी त्याच टायरांवर आली का. क्रुना म्हणाली, नको असेल तर परत जाते. तो दंड पुढं करून पडून राहिला. जाताना तिला सहा अंडी दिली, आणि उतारावर जपून जा, असं खिडकीतून ओरडला.

अजून एक. येत्या शरदात मला माझं स्वतःचं पोमाना घालायचं आहे, जिवंतपणीच, आपल्यात चालतं तसं. मेल्यावर तुम्ही मला हॅट द्याल, माझा भरवसा नाही. तुझ्या बापाला वर नुसते चार टायर मिळालेत. बिचारा ते घेऊन रस्त्याच्या कडेला बसला असेल. तेव्हा माझ्या नावानं मेजाजवळ गाडी उभी कर. घेईल क्रुना. उचलायला तू आहेसच.

आणि मी अजून जिवंत आहे म्हणून वापरलेली शोधायला जाऊ नकोस.

फ्लोरिका
(अंगठा)