पांगुळगाडा

३ नोव्हें. ९८, मंगळ.
एस.वाय. सोडून घरी बसलो, म्हणजे पोरगी सांभाळायला बसलो. दादा मनमाडला रेल्वेत, रविवारी उगवतो. वहिनी दिंडोरीच्या शाळेत, सकाळी जाते ती दिवेलागणीला. आईला मोतीबिंदू. उरलो मी आणि दादाची मनू. सव्वा वर्षाची, अजून नुसती रांगते. निघताना वहिनी म्हणे, "भाऊजी, कॉलेजात तरी काय दिवे लावत होतात?" हातातलं काहीतरी फेकून मारणार होतो. हातात मनू होती.

५ नोव्हें., गुरु.
शुभा भेटली! द्वारका चौकात, बसथांब्यावर. कँटीनमध्ये तिच्यावरून एकाचे दात पाडले, त्यानंतर पहिल्यांदाच. निळी ओढणी. मनूला न्यावंच लागलं. तिने आधी शु.चं पेन चावलं, मग भोकाड. मी काय काय ठरवून गेलो होतो...
शु. हसली. "तू तर संसार कडेवरच घेऊन आलायस." मग हसणं थांबलं. पुढच्या रविवारी तिला बघायला निफाडचे पाहुणे येणार. म्हणाली, "गुरुवारी बारा वाजता ये. एकटा. नीट बोललास तर मी घरी बोलते. नाहीतर नाही."

७ नोव्हें., शनि.
मनू आईजवळ दोन तास रमेल असं खेळणं हवं. मेनरोडवरून चावीचं माकड आणलं. मनूची किंकाळी. मग बॅटरीची मोटार. ती फिरते, मनू बघते, दोन मिनिटांत माझी पँट ओढते. बरोबरच आहे. जे आपलं आपण नाचतं त्यात हिने करायचं काय? त्यापेक्षा काका बरा. आणि मोटारीचं चाक रात्रीच निखळलं.

९ नोव्हें., सोम.
स्टीलचे एकात एक बसणारे डबे. अर्धा तास! घाल, काढ, उलटा कर, झाकण आपट. पण झाकण बसलं की मान वळवून बघणार, मी बघितलं ना. दाराआड लपून पाहिलं. दिसलो नाही, डबा भिरकावला.
आई म्हणे, "अरे, पांगुळगाडा आण. तुम्ही दोघं त्यावरच चाललात. बॅटरीचं मरतं, लाकडाचं मरत नाही."

१० नोव्हें., मंगळ.
मनूला कडेवर घेऊन भद्रकालीच्या बाजारात गेलो, तिथे मिळाला. सागवानी, तीन चाकं, धरायला आडवा दांडा. दुकानदार म्हणे, "हिची पोरंसुद्धा चालतील ह्याच्यावर." म्हटलं, "मला गुरुवारपुरता पुरे." बघतच राहिला.
संध्याकाळी मनू दांडा धरून उभी. पाय लटलट. ढकलला, पडली, रडली नाही. परत उठली. माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. सुटलो!!

१२ नोव्हें., गुरु.
मनू अंगणात गाड्याशी. आई शेजारी शेंगा फोडत. चपला हातात घेऊन सटकलो. कोपऱ्यावर पोचतो तर मागून खडखड. मनू! फाटकाबाहेर, भर रस्त्यात, गाडा ढकलत, तोंडभर हसत, माझ्याच मागे. फाटकाची कडी मी घाईत लावलीच नव्हती. रिक्षा करकचून थांबली.
"ए हिरो, पोरगी कोणाची?"
त्याची कॉलर धरली. मग मनूला उचलायचं म्हणून सोडली.
द्वारकेला गेलो नाही.
वहिनीला संध्याकाळी रडूच फुटलं. रस्त्याचं नाही सांगितलं कोणी, चालल्याचं सांगितलं. "भाऊजी, तुम्ही चालवलंत हिला! आता ती शाळेत जाईपर्यंत मला घोर नाही."
शाळेत जाईपर्यंत.

१३ नोव्हें., शुक्र.
मित्र सुन्या येऊन सांगून गेला. शु. बराच वेळ उभी होती. बस आल्या, सोडल्या. मग एकीत चढली. मनूने त्याच्या पायावर गाडा घातला. तो हसला. मी नाही.

१५ नोव्हें., रवि.
पाहुणे चारला. आता तीन. इस्त्रीचा शर्ट घातलाय. थेट शु.च्या घरी जाणार, सगळ्यांसमोर बोलणार. नोकरी विचारतील. शिक्षण विचारतील. विचारू देत.
दादा पेपराआडून म्हणे, "निघालाच आहेस तर मनूला ने. मी जरा पडतो."
वहिनी आतून, "गाडाही न्या हो, नाहीतर रडेल!"
"मी कामाला चाललोय," म्हटलं.
दादा म्हणे, "तुला कसलं काम?"
 तिथेच थांबलो असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून आत येऊन हे लिहितोय. सायकल बाहेर काढायचीय, आणि मनू दारात गाडा आडवा लावून उभी आहे. "सरक गं," म्हणतोय. दांडा घट्ट धरून मान हलवते. नाही.